दोन ते चार, लिफ्ट बंद

कंट्रोलबाईंनी आयुष्यात कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, असं त्यांच्या निरोपाच्या भाषणात कुणीतरी नक्की म्हणालं असतं. बरं झालं, ते भाषण झालंच नाही. कारण त्यांनी वाईट चिंतलं होतं. चांगलं सात महिने, सकाळी दात घासताना आणि संध्याकाळी चपला काढताना, अगदी मन लावून चिंतलं होतं. माणूस मात्र एकच. आणि ते त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलेलं होतं.

कंपनी लिफ्टची. लिफ्ट बनवायच्या, बसवायच्या आणि मग जन्मभर दुरुस्त करत राहायच्या. नऊ मजली मुख्य कार्यालय, आणि त्याच्या तळमजल्यावर, पार्किंगकडे उघडणाऱ्या दाराशेजारी, तक्रार कक्ष. कक्ष म्हणायचं इतकंच. एक टेबल, हेडफोन, दिव्यांचा बोर्ड, लोखंडी कपाट आणि पाठीला उशी बांधलेली खुर्ची. शहरात कुणी कुठेही लिफ्टमध्ये अडकलं आणि घंटीचं बटण दाबलं की बोर्डवर दिवा लागायचा आणि कंट्रोलबाई म्हणायच्या, "घाबरू नका, मी आहे." सत्तावीस वर्षं हेच एक वाक्य. बाळंतपणाला निघालेल्या बाईला, कुत्र्यासकट अडकलेल्या म्हाताऱ्याला, आणि एकदा तर दुसऱ्याचा टीव्ही घेऊन निघालेल्या चोरालासुद्धा. त्यालाही त्यांनी आधी धीर दिला, मग पोलिसांना फोन केला.

खरं नाव त्यांना होतं, पण मेकॅनिक मंडळींनी पहिल्याच वर्षी त्यांचं 'कंट्रोल' करून टाकलं आणि ते कायमचं चिकटलं.

आता या कंपनीची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. दुरुस्ती झाली की मेकॅनिकने फॉर्म भरायचा. त्यात शेवटी एक रकाना, 'बिघाडाचं कारण'. तिथे 'दाराची पट्टी साफ केली' असं लिहिलं की फॉर्म तिथल्या तिथे बंद. दुसरं काहीही लिहिलं तर तीन पानी अहवाल, मुख्य कार्यालयात येऊन वरिष्ठांची सही, आणि सही मिळेपर्यंत पुढच्या तक्रारीला जायचं नाही. हा नियम ज्या शहाण्याने काढला तो स्वतः कधी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेला नसणार.

अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी तीन इमारतींत माणसं अडकली होती आणि सगळ्यांत चांगला मेकॅनिक, तात्या, सहीसाठी एका बंद केबिनबाहेर बसून होते, कारण सही करणारे जेवायला गेले होते. कंट्रोलबाई फोनवर कडाडल्या, "तात्या, 'दार' लिहा आणि निघा! खरं काय झालं होतं ते मला सांगा, मी लिहून ठेवते."

त्या दिवसापासून सगळे 'दार' लिहू लागले. खरं कारण फोनवरून कंट्रोलबाईंना कळायचं आणि ते निळ्या वहीत उतरायचं. इमारत, तारीख, काय झिजलं, काय तुटलं, काय बदललं. अशा एकतीस वह्या त्या लोखंडी कपाटात होत्या. कंपनीच्या कागदांवर मात्र शहरातल्या तमाम लिफ्टना एकच रोग होता. दार घाण.

खुद्द मुख्य कार्यालयातली दोन नंबरची लिफ्टही त्यातलीच. तिच्या ब्रेकची कॉइल जुनी. गच्चीवरची मशीन रूम दुपारी तापली की ती कॉइलही तापायची, आणि लिफ्ट सहाव्या-सातव्या मजल्याच्या मध्ये जी बसायची ती बसायची. नव्या कॉइलसाठी तात्यांनी तीन पानी अहवाल भरला होता, तो वर कुठेतरी गडप झाला. मग कंट्रोलबाईंनी एक लाकडी पाटी रंगवून घेतली, 'दोन ते चार, लिफ्ट बंद'. रोज दोन वाजता ती स्वतः अडकवायची, चार वाजता काढायची. नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही की का.

आणि आता तो. पंधरा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आला तेव्हा तीन महिने कंट्रोलबाईंशेजारी स्टुलावर बसायचा. "ताई, हे कसं? ताई, ते कसं?" त्यांनी त्याला आपल्या डब्यातला अर्धा डबा दिला आणि आपल्या कानातली सगळी विद्या दिली. माणूस बोलतो काय त्याकडे लक्ष देऊ नकोस, श्वास ऐक. चिडलेल्याचा श्वास लांब असतो, घाबरलेल्याचा तुटक. तुटक श्वास ऐकू आला की हातातलं सगळं सोड. तो शिकला आणि मजल्यामजल्याने वर गेला. गेल्या वर्षी डिजिटल विभागाचा प्रमुख झाला तेव्हा त्याच्या तोंडी दोनच शब्द उरले होते, क्लाउड आणि एआय. नोंदी क्लाउडवर, नकाशे क्लाउडवर, माणसाची खुर्ची सोडून बाकी सगळं क्लाउडवर. तात्यांनी त्याचं नाव ढगसाहेब ठेवलं. कंट्रोलबाईंना तो आता 'बाई' म्हणायचा.

आठव्या मजल्यावर मोठी बैठक झाली. बावीस माणसं. ढगसाहेबाने भिंतीवर चित्रं दाखवत सांगितलं की अठरा वर्षांचे सगळे फॉर्म क्लाउडवर चढवलेत, तिथलं कुणाला पुसता येत नाही. त्यावरून एआय शिकेल, घंटी वाजली की तोच बोलेल, तोच कारण ओळखेल, तोच मेकॅनिक पाठवेल आणि तक्रारही तोच बंद करेल. नाव, 'सोबती'. तक्रार कक्ष महिनाअखेरीस गुंडाळायचा की वर्षाअखेरीस, एवढाच काय तो प्रश्न होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर कंट्रोलबाई होत्या. भिंतीवर 'बिघाडाचं कारण' हा रकाना आला आणि त्यांनी हात वर केला.

"सर, त्या कारणाच्या रकान्यावर जाऊ नका, तो..."

"बाई," ढगसाहेब हसला, "सत्तावीस वर्षं तुम्ही बोललात. आता जरा डेटाला बोलू द्या. तुम्ही चहाचं बघा ना."

खोली हसली. आणि कंट्रोलबाई उठल्या. हेच त्यांना पुढे सात महिने डसत राहिलं. तो बोलला ते बोलला, पण आपण उठलो! नुसत्या उठलो नाही, तर कुणाला बिनसाखरेचा हवा तेही विचारून घेतलं. बावीस कप. त्यातला एक बिनसाखरेचा त्याचा.

घरी त्यांची आई. वय एक्क्याऐंशी, ऐकू कमी यायचं, राग मात्र पूर्वीइतकाच.

"तू उठलीस?"

"उठले."

"आणि चहा दिलास?"

"दिला."

"त्याच्या कपात थुंकलीस तरी का?"

"आई, काहीतरीच काय!"

"मग आता तोंड शिवून बस. तुझ्या वह्यांचं त्याला अक्षर सांगू नकोस. आपटू दे मेल्याला तोंडावर, आणि तू समोर बसून बघ."

कंट्रोलबाईंना हे पटलं. अगदी मनापासून पटलं. त्यांनी कपाटाला नवं कुलूप लावलं आणि मूग गिळून बसल्या.

सोबतीच्या उद्घाटनाला सगळे जमले. संचालकांनी बटण दाबलं आणि स्पीकरमधून आवाज आला, "घाबरू नका, मी आहे."

कंट्रोलबाईंचा हात गळ्याकडे गेला. आवाज त्यांचा होता. 'मी'च्या आधी त्या जो बारीकसा थांबा घ्यायच्या, तोसुद्धा त्यांचाच. कंपनीकडे त्यांचे अकरा वर्षांचे कॉल रेकॉर्ड केलेले पडून होते. ढगसाहेबाने ते सगळे त्या यंत्राला पाजले होते आणि बाईंना एका शब्दाने विचारलं नव्हतं. "हा तर बाईंचा सन्मान आहे," तो म्हणाला आणि टाळ्या झाल्या. कंट्रोलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या टाळ्या वाजवत होत्या.

कक्ष बंद होईपर्यंत त्यांनी नुसतं बसायचं आणि ऐकायचं असं ठरलं. सोबतीच्या बोलण्यात मध्ये पडायला एक लाल बटण होतं, पण लेखी आदेश आला, 'लाल बटण वापरू नये, सोबतीच्या शिकण्यात अडथळा येतो.' पाठोपाठ दुसरा आदेश, 'नोंदींनुसार दोन नंबरच्या लिफ्टमध्ये दाराखेरीज कधीही बिघाड झालेला नाही. विनाकारण पाटी लावू नये.' पहिला आदेश त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला. दुसरा एका कानाने ऐकला, दुसऱ्याने सोडला. माणसं जा-ये करतात हो त्या लिफ्टने.

मग सुरू झाला तमाशा. शहरात कुठेही, काहीही बिघडो, सोबती ठाम आवाजात सांगायचा की दाराची पट्टी साफ करा. दोर झिजला, पट्टी साफ करा. मोटार जळली, पट्टी साफ करा. आदेशाप्रमाणे मेकॅनिक फडकं घेऊन जायचे, पट्टी पुसायचे, तक्रार बंद व्हायची आणि नवव्या मजल्यावरच्या पडद्यावर हिरवे आकडे चढायचे. इतक्या झटपट तक्रारी कंपनीच्या इतिहासात कधी मिटल्या नव्हत्या. लिफ्ट मात्र चालेनात. कंट्रोलबाई घरी जाऊन रोजचा हिशोब आईला सांगायच्या आणि दोघी मायलेकी पोट धरून हसायच्या. काय वाईट दिवस होते ते! सुडाचे दिवस इतके गोड असतात हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मग एका सकाळी कक्षाच्या दारात एक निवृत्त शिक्षिका येऊन उभी राहिली. पाच मजली जुन्या इमारतीत एकटी राहणारी, पंधरा वर्षांत सात-आठ वेळा अडकलेली, आवाजाची ओळख असलेली बाई. चेहरा दोघींनी आजच पाहिला.

"काल एक तास चाळीस मिनिटं मी आत होते," ती म्हणाली. "दिवा गेलेला. प्रत्येक वेळी तू म्हणालीस, घाबरू नका, मी आहे. मी नऊ वेळा घंटी दाबली. नऊही वेळा तू तेच म्हणालीस. मग होतीस कुठे?"

ते यंत्र होतं, हे कंट्रोलबाई सांगू शकल्या असत्या. पण काल संध्याकाळी तो दिवा लागला तेव्हा त्या याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, चढू दे, अजून एक तक्रार चढू दे ढगसाहेबाच्या डोक्यावर. त्यांनी शिक्षिकेची माफी मागितली. ती पार्किंगच्या दाराने निघून गेली, वाटेतल्या लिफ्टकडे तिने पाहिलंही नाही.

आता पुरे, असं कंट्रोलबाईंनी ठरवलं. उद्या वह्या घेऊन सरळ संचालकांपुढे जायचं, ढगसाहेबाचे वाभाडे काढायचे आणि मोकळं व्हायचं. पण ढगसाहेब त्यांच्या एक दिवस पुढे निघाला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तात्या कक्षात आले आणि स्टुलावर बसले. हातात कागद होता. अठरा वर्षं खोट्या नोंदी करून सोबतीची दिशाभूल केल्याबद्दल कामावरून काढण्याचं पत्र. सगळ्यांत जास्त 'दार' तात्यांच्या नावावर, कारण सगळ्यांत जास्त माणसं त्यांनीच सोडवलेली. अडीच वाजता संचालकांची सही व्हायची होती.

"तात्या, 'दार' लिहा असं मी सांगितलं होतं. माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझं नाव घेऊन माझं काय सुटणार होतं, कंट्रोल? तूही जाशील, मीही जाईन. आणि खोटं तर मी लिहिलंच ना. माझ्या हाताने."

"त्याला माहीत होतं. भर बैठकीत मी सांगत होते."

"ते कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. बावीस माणसांनी ऐकलं होतं आणि बावीसही माणसं चहा प्यायली होती. कंट्रोलबाईंची नजर काचेखालच्या आदेशावर गेली.

"तात्या, दोन वाजता गच्चीवर मशीन रूममध्ये जाऊन बसा. मी सांगितल्याशिवाय हातचाकाला हात लावायचा नाही."

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पत्राची घडी घालून ते उठले.

दोन वाजता कंट्रोलबाई रोजच्यासारख्या पाटी घेऊन दोन नंबरच्या लिफ्टपाशी गेल्या. आज पाटी अडकवली नाही. आदेश होता ना? लेखी आदेश होता. त्यांनी पाटी पदराआड धरली आणि झाडू घेऊन तिथेच घुटमळत राहिल्या. तिघं-चौघं आले, त्यांना "एक नंबरने जा, इथे झाडतेय," म्हणून वाटेला लावलं. दोन पंचवीसला ढगसाहेब आला. एका हातात सहीची फाइल, दुसऱ्या हातात फोन.

"अरे वा! काढली शेवटी पाटी? बघा बाई, कोसळलं का आभाळ?"

"नाही सर," कंट्रोलबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

त्या परत येऊन खुर्चीत टेकतात न टेकतात तोच बोर्डवर दिवा लागला. त्यांनी हेडफोन चढवला आणि निळ्या वहीत लिहिलं, दोन सत्तावीस.

"घाबरू नका, मी आहे," सोबती म्हणाला.

ढगसाहेब आधी हसला. मग त्याने मजला सांगितला, स्वतःचं पद सांगितलं. सोबतीने आभार मानले आणि सांगितलं की कारण कळलं आहे, दाराची पट्टी. पाच मिनिटांत एक मेकॅनिक तळमजल्यावर आला, दाराची पट्टी चकचकीत पुसून गेला आणि सोबतीने जाहीर केलं, "आपली तक्रार दूर झाली आहे. आपला अनुभव कसा होता?" ढगसाहेबाने जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोबाइलला त्या दोन मजल्यांच्या मध्ये कधीच रेंज नव्हती. दुसरी घंटी. घाबरू नका, मी आहे. तिसरी. घाबरू नका, मी आहे. चौथ्या वेळी तो ओरडला, "बाई! बाई, तुम्ही ऐकताय, मला माहिती आहे!" कंट्रोलबाई ऐकत होत्या. लाल बटण वापरू नये, असं काचेखाली लिहिलं होतं.

त्यांनी मनात एक तास चाळीस मिनिटं धरली होती. त्या शिक्षिकेच्या मिनिटाला मिनिट. पण एकोणिसाव्या मिनिटाला त्याचा आवाज खाली आला.

"ताई? हे तुम्ही आहात की ते आहे?"

आणि श्वास तुटला. तुटक, आखूड, खराखुरा. त्याला स्टुलावर बसवून त्यांनीच ओळखायला शिकवलेला. त्यांचं बोट त्यांना न विचारता लाल बटणावर गेलं. पण 'घाबरू नका' म्हणायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

"तक्रार कक्ष. बोला."

"ताई! ताई, काढा मला इथून!"

"काढते. आधी कारण लिहायचंय. ही लाइन रेकॉर्ड होते आणि सरळ क्लाउडवर जाते. तिथलं कुणाला पुसता येत नाही, तुम्हीच सांगितलंत ना बैठकीत? आधी माझं ऐका. अठरा वर्षांपूर्वी मेकॅनिकांना 'दार' लिहा म्हणून मी सांगितलं. तात्यांनी नाही, मी. खरी कारणं एकतीस वह्यांत आहेत, त्या माझ्या कपाटात आहेत, आणि सात महिने मी त्या मुद्दाम दडवल्या. झालं माझं. आता तुमचं. आठव्या मजल्यावरच्या बैठकीत मी हात वर करून काय म्हटलं?"

नुसता श्वास.

"सर, इथे मला घाई नाही."

"तुम्ही म्हणालात... कारणाच्या रकान्यावर जाऊ नका."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तुम्हाला पुढे बोलू दिलं नाही."

"काय म्हणालात ते सांगा. शब्द सांगा."

"चहाचं बघा म्हणालो." तो आता जवळजवळ रडत होता. "तात्यांचा दोष नाही, ताई. मला कळलं होतं नोंदीत काहीतरी गडबड आहे. पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आता सांगायचं कसं, म्हणून..."

"म्हणून तात्या," कंट्रोलबाईंनी वाक्य पुरं केलं.

ते रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी संचालकांनी ऐकलं. तात्या राहिले, वह्या वर गेल्या, आणि खाली आले ते दोघं. ढगसाहेब आणि कंट्रोलबाई, एकाच दिवशी नोकरीबाहेर, दोघांनाही निरोपाचं भाषण नाही. आईने ते ऐकलं आणि पहिल्यांदाच लेकीला जवळ घेतलं. पण हे सगळं पुढचं.

"सगळं सांगितलं, ताई," हेडफोनमध्ये तो म्हणाला. "आता तरी सोडवा."

"सोडवते ना. तात्या वर मशीन रूममध्येच आहेत, दोन वाजल्यापासून. हातचाक फिरवलं की दोन मिनिटांत सातव्या मजल्यावर येशील."

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगते. बस जरा. चहाचं बघून येते."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि आधण ठेवलं. तीन कप केले. एक आपला, एक तात्यांचा, आणि तिसरा बिनसाखरेचा, तो मात्र त्यांनी निवत ठेवला.